रिकामे कोणासाठी?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील नलार्बर पठार ओलांडणाऱ्या आयर महामार्गाचा १४६.६ किलोमीटरांचा एक तुकडा अगदी सरळ आहे. प्रवासवर्णनांतून या वाटेवरच्या दोन गोष्टींचे कौतुक होते : पठाराची रिक्तता आणि बुंडा कड्यांखाली अवचित दिसणारा समुद्र. यातल्या रिक्ततेला माझा आक्षेप आहे.

'नलार्बर' म्हणजे लॅटिनमध्ये 'एकही झाड नाही'. काय दिसले नाही यावरून परक्यांनी ठेवलेले नाव. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन आयर येथून गेला, तेव्हा वाळूत खणून पाणी कोठे लागते हे त्याला येथल्या आदिवासींनीच दाखवले होते. निर्जन प्रदेशात असे कोणी भेटत नसते.

हा शब्द निरुपद्रवीही नाही. पठाराच्या उत्तरेस मारलिंगा येथे ब्रिटनने १९५६-५७ मध्ये सात अणुस्फोट केले. त्या परिसरातील ओल्डियाच्या आदिवासींना १९५२ मध्येच दक्षिणेला यलाटा येथे हलवले गेले होते. त्यांच्या भूमीचा मोठा भाग कायद्याने परत मिळायला १९८४ साल उजाडले. महामार्ग आज यलाटावरूनच जातो. कड्यांचे सौंदर्य जरूर वर्णावे, मात्र वाटेतला प्रदेश 'रिकामा' होता असे लिहिण्यापूर्वी तो कोणी रिकामा केला, हेही विचारावे.