'हॅमिटिक' हे नाव आता कोशांतून काढावे

अरबी, हिब्रू, प्राचीन मिसरी, बर्बर, सोमाली, हौसा इत्यादी भाषांच्या ज्या विशाल कुलाला आज आफ्रो-आशियाई म्हणतात, त्याचा उल्लेख आपल्या कोशांत वा पाठ्यपुस्तकांत जेथे अजूनही 'हॅमिटो-सेमिटिक' असा आढळेल, तेथे तो पुढील आवृत्तीत बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे जुने नाव बायबलातील नोहाच्या वंशावळीवर उभे आहे. जर्मन इतिहासकार श्लोत्सर याने 1781 साली शेम या पुत्रावरून 'सेमिटिक' ही संज्ञा प्रचारात आणली, आणि पुढील शतकात कुलातील उरलेल्या आफ्रिकी भाषा शेमचा भाऊ हाम याच्या खाती जमा झाल्या. परंतु 'उत्पत्ती'च्या ज्या दहाव्या अध्यायाचा हा दाखला, त्यातच कनान हा हामचा पुत्र आहे, आणि कनानी लोकांची फिनिशियन भाषा तर हिब्रूची सख्खी बहीण, म्हणजे निःसंशय सेमिटिक! शिवाय बर्बर, मिसरी, कुशिटिक व चाडिक यांना एकत्र बांधून सेमिटिकपासून निराळी काढणारी 'हॅमिटिक' उपशाखा कधीच सिद्ध झालेली नाही. 'मरणे' या अर्थी अरबीत 'माता', मिसरीत 'म-व-त' आणि हौसात 'मुतू' ही रूपे शेजारी ठेवली, की नाते सर्वांचे सर्वांशी आहे हे ध्यानी येते.

तरीही 1912 साली कार्ल माइनहोफ याने फुला, मसाई आणि नामा या परकुलीय भाषाही 'हॅमिटिक' ठरविल्या, आणि त्यात भाषिक लक्षणांच्या जोडीला वंश व पशुपालन यांविषयीच्या कल्पनाही मिसळल्या. जोसेफ ग्रीनबर्ग याने 1950च्या सुमारास हे वर्गीकरण मोडीत काढले. पण तोवर संज्ञा ग्रंथांतून दप्तरांत शिरली होती. रवांडातील तुत्सी व हुतू किन्यारवांडा ही एकच बांटू भाषा बोलत असताना, युरोपीयांनी तुत्सींना उत्तरेकडून आलेले, श्रेष्ठ असे हॅमवंशी मानले, आणि 1930च्या दशकात बेल्जियन अमलाने ओळखपत्रांवर ही फूट कायम केली. नोव्हेंबर 1992 मध्ये तेथील एका पुढाऱ्याने जाहीर सभेत तुत्सींना न्याबारोंगो नदीवाटे इथिओपियास परत धाडण्याची भाषा केली. 1994च्या हत्याकांडात त्या नदीतून खरोखरच प्रेते वाहत गेली. त्या संहाराची कारणे अनेक होती, परंतु तुत्सींना परके ठरविण्याचा आधार या विद्वन्मान्य कल्पनेनेच पुरविला, हे नाकारता येत नाही.

'सेमिटिक' या नावास माझी हरकत नाही; त्याचा उगम तोच असला तरी ती शाखा खरी आहे. 'हॅमिटिक' मात्र कोशात राहायचेच असेल, तर मृत संज्ञा म्हणून, तिच्या इतिहासाच्या नोंदीसह राहावे.