मुक्या जिवाचे पोट

माणूस आजारी पडला की बोलून दाखवतो. तान्हे मूल रडून सांगते. कुत्रा मात्र यातले काहीच करत नाही. त्याचे पोट बिघडले आहे हे घराला कळते ते सकाळी उठल्यावर फरशीकडे पाहून. एकदा-दोनदा बिघडले तर कोणी मनावर घेत नाही. पण आठवड्यामागून आठवडे तेच चालू राहिले, की कुत्र्याच्या आधी घरातली माणसे थकतात. फिनेलची बादली, धुण्यात वाढलेली पोती, डॉक्टरांच्या फेऱ्या, खर्च आणि त्यावरून होणारी कुरबूर. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना यातले काही नवे वाटणार नाही.

आमचे बिऱ्हाड लखनौला, आलमबागमध्ये. चारबाग स्टेशनावरून कानपूर रस्त्याला लागले की ही वस्ती लागते. नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या बेगमेसाठी, आलम आरासाठी, इथे बाग आणि कोठी उभारली म्हणून हे नाव. 1857 च्या लढाईत इथे मोठी धुमश्चक्री झाली. इंग्रज सेनापती हॅवलॉक याची कबर आजही इथे आहे. आता बागेची शांतता नावापुरती उरली आहे. बसस्थानक, रेल्वेचे कारखाने आणि 2017 पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो असा सगळा गजबजाट. भातखंडे यांनी 1926 मध्ये लखनौला संगीताचे विद्यालय काढले, तेव्हापासून मराठी नावे या शहराला परकी नाहीत. आम्ही मात्र आलो ते यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आणि इथलेच झालो.

आमचा शेरू जातीचा अल्सेशियन. लसी वेळेवर, जंताचे औषध वेळेवर, अंगावर चकाकी. तो सव्वा वर्षाचा झाला आणि हळूहळू वाळू लागला. नवल म्हणजे भूक दुप्पट झाली होती. ताटली चाटूनपुसून रिकामी करायचा आणि पुन्हा ओट्याशी येऊन उभा राहायचा. शौचाला दिवसातून चार-पाच वेळा, तेही ढीगभर, फिकट आणि तेलकट. स्वतःची विष्ठाही खाऊ लागला. तीन महिन्यांत वजन 27 किलोवरून 21 किलोवर आले. बरगड्या मोजता येत होत्या. रस्त्यात लोक विचारीत, "बहनजी, इसको खाना नहीं देतीं क्या?" ऐकून जीव अर्धा होई.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाक." शेजारच्या भाभीजींनी इसबगोल सांगितले, पलीकडच्या वर्माजींनी बेलाचा मुरंबा. दवाखान्यात गेलो की दर खेपेला ड्यूटीवर वेगळे डॉक्टर असत. एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, चार दिवस बरे आणि पुन्हा तेच. कोणी वाईट वागले असे नाही. पण पूर्ण गोष्ट एकाही डॉक्टरांच्या कानावर जात नव्हती.

"सोडून द्या कुठेतरी"

अशा वेळी हे वाक्य कोणीतरी बोलतेच. आमच्याकडे ते यांच्या एका सहकाऱ्याने उच्चारले. "कानपूर रोडवर एखाद्या ढाब्याजवळ सोडून या. खायला मिळेल त्याला." बोलणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नव्हता, आमची ओढाताण त्याला दिसत होती. त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात बैठक बसली. हे हिशेबाची वही घेऊन बसले. औषधाचा खर्च मुलीच्या शिकवणीच्या फीइतका झाला होता. सासूबाई गप्प होत्या. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, ढाब्यावर त्याला जुलाब झाले तर लोक दगड मारतील."

ती म्हणाली ते खरे होते. घरात वाढलेला आजारी कुत्रा रस्त्यावर फार दिवस काढत नाही. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर विनाकारण टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शेवटी सासूबाईच बोलल्या, "आणखी तीन महिने बघा. पण नीट बघा." त्यातून दोन गोष्टी ठरल्या. डॉक्टर एकच धरायचे आणि रोजची नोंद ठेवायची.

डॉक्टरांचे प्रश्न

नव्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशी सुई उचललीच नाही. अर्धा तास प्रश्न विचारले. शौच किती वेळा? प्रमाण थोडे की पुष्कळ? कुंथतो का? चिकट आव पडते का? रक्त लाल की काळे? वजन किती उतरले?

हे प्रश्न उगाच नसतात. त्रास मोठ्या आतड्यात असेल तर कुत्रा वारंवार जातो, थोडे थोडे करतो, कुंथतो, आव किंवा ताजे लाल रक्त पडते, पण वजन सहसा टिकून राहते. त्रास लहान आतड्यात किंवा पचनाच्या रसात असेल तर शौच प्रमाणाने पुष्कळ होते आणि कुत्रा वाळत जातो. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे वरच्या भागात रक्तस्राव. एवढा फरक घरच्या माणसाला सांगता आला तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

मग क्रमाने शोध सुरू झाला. आधी विष्ठेची तपासणी, तीही तीन वेगवेगळ्या दिवसांची. कारण दूषित पाण्यातून येणारा जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जंतू रोज सापडतोच असे नाही. ते निघाले नाही. मग काही दिवस एकाच ठरावीक अन्नाचा प्रयोग. अनेक कुत्र्यांचे जुनाट जुलाब केवळ आहार बदलून थांबतात आणि गुण यायचा असेल तर बहुधा दोनेक आठवड्यांत दिसू लागतो. शेरूला तोही आला नाही. शेवटी उपाशीपोटी रक्त घेऊन नमुना बाहेरगावी प्रयोगशाळेत पाठवला आणि दुखण्याचे नाव कळले.

शेरूचे स्वादुपिंड पाचक रस तयार करीत नव्हते. रस नाही म्हणून अन्न पचत नाही, पचत नाही म्हणून अंगी लागत नाही आणि अंगी लागत नाही म्हणून भूक भागत नाही. भरल्या ताटापुढे उपासमार, असाच हा प्रकार. अल्सेशियन जातीत हा आजार विशेष आढळतो आणि तो पुष्कळदा ऐन तारुण्यात डोके वर काढतो. तो मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. पाचक रसाची पूड प्रत्येक जेवणात कालवायची, जन्मभर. अन्न कोमट हवे. गरम अन्नात पूड घातली तर तिचा गुण नाहीसा होतो. दिवसाचे जेवण दोन-तीन वेळांत विभागायचे. अशा कुत्र्यांत ब-12 जीवनसत्त्व बहुधा कमी पडते, त्याची इंजेक्शने वेगळी.

दहा दिवसांत शौच बांधून होऊ लागले. चार महिन्यांत वजन 26 किलो झाले. पावसाळ्यात अजून एखाद-दोनदा बिघडते. पुडीचा डबा आमच्या महिन्याच्या यादीत साखर-चहापत्तीच्या खाली कायमचा लिहिलेला आहे. खर्च आहेच. पण कशासाठी खर्च होतो आहे हे कळले, की तो तितका जड वाटत नाही.

स्वयंपाकघरातील पथ्य

प्रत्येक कुत्र्याला हाच आजार असेल असे मुळीच नाही. बहुतेकांचे पोट बिघडते ते खाण्यातून किंवा जंतांमुळे. म्हणून काही गोष्टी सर्वांनीच ध्यानात ठेवाव्यात.

आपल्याकडे कुत्र्याला दूधपोळी किंवा उरलेले कालवण घालण्याची रीत आहे. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. कालवणातील कांदा-लसूण तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, शिजवला तरी. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका त्याला विषासमान. काही बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तोही तसाच. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि आतडे फाडतात. लखनौत कबाब-बिर्याणीची हाडे गल्लोगल्ली पडलेली, त्यामुळे फिरायला नेताना दोरी आखूडच बरी. मलिहाबादचा दशहरी बाजारात आला की आणखी एक भय, आंब्याच्या कोयी. कुत्रा कोय गिळतो, ती आतड्यात अडकते आणि पोट उघडण्याची पाळी येते. कोकणातल्या वाचकांना हापूसच्या दिवसांत हीच काळजी घ्यावी लागेल.

पोट बिघडले म्हणून घरच्या डब्यातील माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही काही जातींना घातक ठरतात. साध्या जुलाबात दर वेळी अँटिबायोटिकचीही गरज नसते असे आजचे पशुवैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा "साहेब, एक जालीम इंजेक्शन द्याच" असा हट्ट आपणही धरू नये.

पिलांना तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. नेमके किती ते डॉक्टर वजनावरून ठरवतात. कुत्र्यांचे काही जंत माणसांनाही बाधतात, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना. विष्ठा लगेच उचलावी आणि हात साबणाने धुवावेत.

वही आणि डबी

दवाखान्यात जाताना दोन वस्तू बरोबर न्याव्यात. पहिली वही. तारीख, काय खाल्ले, शौच किती वेळा व कसे, उलटी, औषध आणि आठवड्याचे वजन. मोठ्या कुत्र्याचे वजन घरीही करता येते. त्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. दुसरी वस्तू झाकणाची स्वच्छ डबी, त्यात त्याच दिवशीच्या विष्ठेचा नमुना. किळस वाटते खरी, पण तपासणीचा खरा ऐवज तोच. डॉक्टर बदलावे लागले तरी वही सोबत जाते आणि गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

काही वेळा मात्र वही बाजूला ठेवून तडक निघावे. पिलाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या झाल्या तर तो पार्व्हो असू शकतो. हा रोग 1978 च्या सुमारास जगभर पसरला. लस न घेतलेली पिले त्यात एक-दोन दिवसांतही दगावतात. पोट फुगले आहे, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, हे मोठ्या जातींत जठराला पीळ पडल्याचे लक्षण असते. तिथे तासांचा हिशेब असतो. हिरड्या पांढुरक्या पडल्या, मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. मे-जूनमध्ये इथे लू वाहते तेव्हा अंगातले पाणी फार झपाट्याने कमी होते.

साध्या दवाखान्यात निदान होत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय गाठावे. मुंबईला परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. आमच्या बाजूला बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. तिचा जन्म पुण्याचा, 1889 चा. पुढे ती मुक्तेश्वरच्या डोंगरावर आणि मग इज्जतनगरला गेली. पुण्यात लावलेल्या रोपट्याची सावली उत्तर प्रदेशातल्या गुराढोरांना आणि कुत्र्यामांजरांना मिळते आहे, याचे आम्हा परमुलखातल्या मराठी माणसांना जरा अप्रूप वाटते.

कुत्रा घरी आणताना आपण त्याचे देखणे कान पाहतो, राखणीचा विचार करतो. त्याच्या आजारपणाचा विचार कोणी करत नाही. पण दहा-बारा वर्षांच्या सोबतीत आजारपण येणारच. ते आले की घरातल्या कामाची वाटणी करावी, सगळा भार एका गृहिणीवर पडू देऊ नये. सकाळचे फिरवणे एकाने, औषध दुसऱ्याने, वही मुलांनी. मुलांना त्यातून जे शिकायला मिळते ते कुठल्या पुस्तकात नसते. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे रोज लक्ष देऊन पाहावे लागते, आणि ही सवय एकदा लागली की ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही उपयोगी पडते.