जुना स्टिरिओ, नवे स्पीकर आणि मराठी गद्य

उत्तम मराठी गद्याचा नमुना द्या, असे सांगितले की विद्यार्थी ललित निबंधाकडे, आत्मचरित्राकडे किंवा कादंबरीतल्या एखाद्या वर्णनाकडे वळतात. त्यात वावगे काही नाही. परंतु गद्याची एक कसोटी आपण सहसा लावून पाहत नाही. हर्णैच्या बंदरातल्या एखाद्या मासेमारी बोटीवर जुना स्टिरिओ आहे, खाऱ्या हवेने त्याचे स्पीकर गेले आहेत आणि तांडेलाला नवे जोडायचे आहेत, असे समजू. वाचणाऱ्याला पुन्हा विचारावे लागू नये, अशा रीतीने हे काम मराठीत लिहून देता येईल का? आमच्या मते येते. आणि ते लिहिणे हे मराठीच्या पदवीधराचेच काम आहे.

प्रयत्न करून पाहू. प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. मग स्टिरिओच्या पाठीवर किंवा तळाशी स्पीकरसाठी किती ओहम लिहिले आहेत ते वाचावे. बहुधा 4 असतात. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचे माप. नव्या स्पीकरचे ओहम तेवढेच किंवा अधिक असावेत, कमी नसावेत. आवाज वाढावा म्हणून एकाच बाजूला 4 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर अडथळा निम्मा, म्हणजे 2 ओहम होतो. प्रवाह वाढतो आणि जुना संच तापून निकामी होऊ शकतो. तेच दोन एकापुढे एक जोडले तर अडथळा 8 ओहम होतो. आवाज थोडा उतरतो, पण संच वाचतो.

दुसरी गोष्ट प्लस-मायनसची. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या तरी तो वाजतोच. मात्र एकाचा पडदा बाहेर येत असताना दुसऱ्याचा आत जातो आणि ढोलकीचा खर्ज विरून जातो. खुणा पुसल्या असतील तर सुट्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. पडदा बाहेर सरकला, तर सेलचे प्लस टोक जिथे टेकले तेच स्पीकरचे प्लस. स्पीकरची मायनस तार संचातूनच यावी, बोटीच्या मायनसला परस्पर जोडू नये. अनेक संचांत तसे केल्याने संच जळतो.

तिसरी गोष्ट समुद्राची. खाऱ्या हवेत तांब्याची तार हिरवी पडते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी आणि जोड नुसते पिळून त्यावर टेप गुंडाळू नये. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाजवळ बसवावा. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवरच स्टिरिओ चालत असेल, तर इंजिन बंद असताना तासन्‌तास गाणी लावू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे: स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असते, ते होकायंत्राची सुई ढळवते. स्पीकर कायमचा बसवण्याआधी त्या जागी धरून सुई हलते का ते पाहावे.

आता या मजकुराकडे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहू. ओहम, फ्यूज, स्पीकर हे शब्द आले आणि राहिले. खर्ज संगीतातून आला, समांतर भूमितीतून, पडदा घरातून. होकायंत्र या शब्दात तर दर्यावर्दींचा ‘होका’ आणि संस्कृत ‘यंत्र’ असे शेजारी बसले आहेत की जोड जाणवतही नाही. ‘मराठीत शब्द नाहीत’ ही सबब येथे टिकत नाही. अवघड होता तो क्रम, आणि प्रत्येक ‘म्हणून’ योग्य जागी बसवणे. संच, स्पीकर, सेल, फ्यूज हे सारे पुल्लिंगी. ‘तो तपासावा’ असे लिहिले तर कोणता? कवितेत संदिग्धता अर्थाला समृद्ध करते. येथे ती संच जाळते.

यावर आक्षेप येईल की तांडेलाला हे ठाऊक असते, आणि नसले तर तो व्हिडिओ पाहतो. बंदरावरचे तोंडी ज्ञान पक्के असते हे आम्हांला मान्य आहे. पण व्हिडिओत हात दिसतो, कारण दिसेलच असे नाही. पुढच्या बोटीवरचा संच वेगळा निघाला की हाताची नक्कल अपुरी पडते. निर्णय कारणाच्या आधारेच घ्यावा लागतो. कारण सांगणे हा गद्याचा सर्वांत जुना धर्म आहे.

आपल्या परंपरेला हे परके नाही. ‘किर्लोस्कर खबर’ 1920 साली निघाले ते लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. 1928 साली ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले. कारखाना आणि साहित्य यांच्यात आज दिसते तेवढी उंच भिंत तेव्हा नव्हती.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यासाठीचे पुरावे भूतकाळातले होते, आणि तसेच असायला हवेत. भाषेचा उद्या मात्र ती कोणती कामे अंगावर घेते त्यावर ठरेल. म्हणून आमची मागणी साधी आहे. उपयोजित मराठीच्या अभ्यासात जाहिरात आणि बातमी यांच्या जोडीला एक प्रकल्प असा असावा: विद्यार्थ्याने एखाद्या कारागिराजवळ बसून त्याचे काम समजून घ्यावे, ते लिहावे, आणि ते काम न येणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी केवळ तो मजकूर वाचून करून दाखवावे. गुण त्यावर द्यावेत.