बोगदा झाला, आता घाटाचे काय?

महाराष्ट्रात घाट पाहायचा तो पावसाळ्यात, असे जणू ठरूनच गेले आहे. जूनमध्ये दोन सरी पडल्या की शनिवार-रविवारी ताम्हिणी, माळशेज आणि आंबोलीत गाड्यांच्या रांगा लागतात. रेनकोट चढवलेला मोटारसायकलस्वार धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा शोधत चाललेला असतो. घाट उतरून घरी पोचेपर्यंत त्याला डोंगर दिसलेलाच नसतो. दुचाकीवरून घाट अनुभवायचा खरा हंगाम होळीपासून चैत्र संपेपर्यंतचा. रस्ता कोरडा, टायरची पकड पक्की, झाडांची पानगळ झालेली असल्याने वळणापलीकडचे वळणही आधीच नजरेत येते. दरड कोसळण्याची धास्ती नाही आणि गर्दी तर त्याहून नाही.

उदाहरणादाखल पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वरमार्गे पोलादपूर हा रस्ता घ्या. पहाटे पुणे सोडणारा स्वार खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडतो आणि तिथून पुढे प्रवासाचा नूरच बदलतो. फाट्यापासून वाईकडे जाताना दुतर्फा जुने वड आहेत. रुंदीकरणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न याच झाडांचा असतो. वाई परिसर हळदीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिजवलेली हळद वाळत घातलेली असते आणि तिचा उग्र, मातकट वास हेल्मेटच्या काचेतूनही आत येतो. रंगपंचमीच्या दिवशी या बाजूला आलात, तर जवळच्या बावधनमध्ये बैलांच्या जोड्या बगाड ओढताना दिसतील. त्या दिवशी वाई-सातारा रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो.

वाई सोडली की पसरणीचा घाट. साधारण बारा-तेरा किलोमीटरमध्ये रस्ता साडेपाचशे मीटरहून अधिक चढतो. डाव्या-उजव्या वळणांची लय एकदा सापडली की स्वाराचे खांदे आपोआप सैल होतात. तिसऱ्या गिअरमध्ये वळणाकडे यायचे, वळण सुरू होण्याआधीच दुसऱ्यात उतरायचे, मान वळवून बाहेर पडण्याच्या टोकाकडे पाहायचे आणि मग हलकेच ॲक्सिलरेटर पिळायचा. खाली धोम धरणाचे पाणी प्रत्येक वळणाला बाजू बदलते. मार्चमध्ये या उतारांवर पांगारा आणि काटेसावर पानांशिवाय लालभडक उभे असतात. सावरीच्या एका झाडावर साळुंक्या, बुलबुल आणि कावळे मधासाठी एकाच वेळी भांडत असतात. गाडी बंद करून पाच मिनिटे थांबले, तरच तो गोंगाट ऐकू येतो.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेबद्दल जितके कमी लिहावे तितके बरे. स्ट्रॉबेरी घ्यावी, चहा प्यावा आणि निघावे. खरी मजा त्यापुढे, आंबेनळी घाटात आहे. सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये हा रस्ता बाराशे मीटरहून अधिक उतरतो. इंग्रजांच्या काळात याला मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने फिट्झगेराल्ड घाट म्हणत. वाटेत कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज याच जावळीच्या रानात अडकली. इतकी मोठी फौज इथे का हलू शकली नाही, हे पुस्तकापेक्षा हा रस्ता लवकर समजावतो.

वरच्या टप्प्यात अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी लगडलेल्या असतात. मधल्या टप्प्यात कोशिंबाची कोवळी पालवी अशी लाल असते, की लांबून फुलेच वाटावीत. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि त्यांचा मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास वळणावळणावर येऊन जातो. खाली उतरताना हवा बदलत जाते. वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेला माणूस अर्ध्या घाटात ती उघडतो. पायथ्याशी आंबे-काजू दिसू लागेपर्यंत त्याच्या मानेवर घाम आलेला असतो. बंद गाडीच्या एसीत बसणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. मोटारसायकलस्वाराला मात्र डोंगराची उंची कातडीने मोजता येते.

पोलादपूरला रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो आणि या लेखाचा मुद्दा इथूनच सुरू होतो. पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडी घाट आहे. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी या घाटाला शिव्या घातल्या. आता डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले आहेत. २०२३ च्या गणेशोत्सवात त्यातला एक पहिल्यांदा वाहतुकीसाठी उघडला. जिथे पाऊण तास जायचा, ते अंतर काही मिनिटांवर आले. चांगलेच झाले. रुग्णवाहिकेतल्या माणसाला, आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या टेम्पोला आणि रात्रीच्या एसटीला बोगदाच हवा.

पण मग वरच्या जुन्या घाटाचे काय करायचे? सध्याचे उत्तर आहे: काही नाही.

हा प्रश्न एकट्या कशेडीचा नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाला पर्याय मिळाला. खंबाटकीत नव्या बोगद्यांचे काम हाती घेतले गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चा हेतूही लोणावळा-खंडाळ्याचा वळणांचा टप्पा टाळण्याचाच. ज्या बोरघाटातून १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, त्या घाटापासून कशेडीपर्यंत दोन शतकांचे हे बांधकाम हळूहळू मुख्य रहदारीतून बाजूला पडत आहे.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धीवरही आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच म्हणावी लागेल. परंतु याचा सरळ अर्थ असा, की नाशिक किंवा पुण्याकडे दुचाकीवर निघालेल्या माणसाला, मग तो हौशी स्वार असो की मालाचे नमुने घेऊन फिरणारा विक्रेता, जुना घाट हाच एक रस्ता आहे. त्यामुळे जुन्या घाटाची निगा हा दुचाकीस्वारांच्या हक्काचा विषय ठरतो. राज्यात रस्त्यांवर सर्वाधिक संख्या दुचाक्यांची आहे आणि आकुर्डी-चाकण पट्ट्यात त्या बनतातही. तरीही रस्त्यांच्या नियोजनात त्यांचा विचार शेवटी होतो.

राष्ट्रीय महामार्ग नव्या मार्गावर गेला, की मागे राहिलेला तुकडा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या गळ्यात पडतो. निधी नव्या रस्त्याकडे जातो. जुन्या रस्त्याचे कठडे ढासळतात, गटारे बुजतात, पावसाचे पाणी डांबरावरून वाहते आणि चार पावसाळ्यांत रस्त्याची चाळण होते. मग तिथे रात्री राडारोडा ओतणारे ट्रक येतात. दोन रस्ते सांभाळायला पैसा कुठून आणायचा, असा सवाल अधिकारी करतील. त्याचे उत्तर असे, की रस्ता फोडतात ती अवजड वाहने. ती एकदा बोगद्यातून जाऊ लागली, की घाटाच्या देखभालीचा खर्च उतरलाच पाहिजे. शिवाय पर्यायी रस्ता ही चैन नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता खचून बंद पडला, २०२२ मध्ये चिपळूणजवळचा परशुराम घाट वारंवार बंद ठेवावा लागला. अशा वेळी दुसरी वाट जिवंत असणे किती मोलाचे असते, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

अमेरिकेत याचा एक धडा पूर्वीच गिरवून झाला आहे. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतून ॲपलाचियन डोंगररांगेच्या माथ्यावरून ब्लू रिज पार्कवे हा रस्ता जातो. लांबी ४६९ मैल, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर. महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, बेकारांना काम मिळावे म्हणून तो बांधायला घेतला आणि १९८७ मध्ये पूर्ण झाला. तो सांभाळते राष्ट्रीय उद्यान सेवा. मालवाहू वाहनांना बंदी, जाहिरातफलकांना बंदी, वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. ग्रँडफादर माउंटनचा उतार फोडावा लागू नये म्हणून तिथे रस्ता डोंगराला बिलगून जाणाऱ्या एका वळणदार पुलावर उचलून घेतला. एप्रिलमध्ये डोंगरावर रेडबड आणि डॉगवुड फुलतात, तेव्हा देशभरातले मोटारसायकलस्वार इथे येतात आणि वाटेवरच्या लहान गावांत राहतात, जेवतात, पेट्रोल भरतात. घाईच्या माणसासाठी वेगळे महामार्ग आहेतच.

त्याच डोंगरांच्या दक्षिण भागात या हौशीची काळी बाजूही दिसते. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर यूएस १२९ या रस्त्याचा एक तुकडा ११ मैलांत ३१८ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. लोक त्याला ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ म्हणतात. डील्स गॅप इथे एक झाड आहे. अपघातात तुटलेल्या मोटारसायकलींचे सुटे भाग त्यावर टांगलेले आहेत आणि त्याचे नाव आहे ‘लाजेचे झाड’. टेनेसीने २०१५ मध्ये लांब ट्रकना त्या रस्त्यावर बंदी घातली. माणसांच्या बेफिकिरीला बंदी घालणे तितके सोपे नव्हते.

आपल्याकडेही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि मृत्यूंच्या कारणांत अतिवेग सर्वांत वर होता. वसंतातला कोरडा रस्ता निर्धोक असतो असेही नाही. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी जमलेली असते. वाळलेल्या पानांच्या थरावर पुढचे चाक क्षणात घसरते. पर्यटकांनी वेफर्स खाऊ घालून सोकावलेली माकडे कठड्यावरून अचानक रस्त्यात उतरतात. वणव्याचा धूर कधीकधी अख्खे वळण गिळतो. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग अजून आहेत. त्यांचे ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या एसटी चालकांचा दंडक दुचाकीलाही लागू आहे. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा निव्वळ शिष्टाचार नव्हे, तो नियम आहे.

स्वारांनी आणखी एक हिशेब द्यायला हवा. सायलेन्सर बदलून फटाके फोडत घाटातून जाणाऱ्या टोळक्यांमुळे वाटेवरच्या गावांना मोटारसायकल या वाहनाचाच तिटकारा आला आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांना रोडरोलर फिरवावा लागतो, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. होळीच्या दिवसांत कोकणात वाटेवर पालखी आडवी आली, तर इंजिन बंद करून बाजूला उभे राहावे. पोरांनी रस्त्यात दोरी धरून शिमग्याचे पोस्त मागितले, तर दहा-वीस रुपये हसत द्यावेत. रस्ता त्यांच्या गावातून जातो. आपण पाहुणे.

सरकारकडे मागणी फार मोठी नाही. बोगद्याने सुटलेल्या प्रत्येक घाटाची नोंद ‘निसर्गमार्ग’ म्हणून करावी आणि तिथे अवजड वाहनांना कायमची बंदी घालावी. ताशी ४० किलोमीटरची मर्यादा ठेवावी आणि ती खरोखर पाळली जाते का, ते पाहावे. आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे बसवावेत, दगडी कठडे दुरुस्त करावेत, वळणांवरची खडी होळीपूर्वी झाडून घ्यावी. कठड्यांना लोखंडी पट्ट्या लावताना त्यांखाली दुचाकीस्वाराचे शरीर जाऊन अडकणार नाही, एवढी काळजी घ्यावी. घाटमाथ्यावर एक स्वच्छतागृह आणि गावच्या बचत गटाला कोकम सरबत, करवंदे विकायला छपराखालची जागा, एवढे पुरे. डोंगर कापून रिसॉर्ट बांधायला परवानगी मात्र देऊ नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तिथेही बांधकामे कशी वाढली, ते सर्वांसमोर आहे.

सुरुवात कशेडीपासूनच करावी. तिथे बोगदा तयार आहे, जुना रस्ता अजून शाबूत आहे आणि दोन्ही टोकांना पोलादपूर व खेड ही बाजारपेठेची गावे आहेत. नवी जमीन घ्यायची नाही, झाड तोडायचे नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि पर्यटन खात्याने एकत्र बसून पुढच्या होळीआधी एवढा एक घाट तरी नीट करून दाखवावा.