शरीरात पेशी किती? हिशेब मांडून पाहा



दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशासाठी येणारी मुले एक वाक्य हमखास ऐकवतात, "सर, मला गणित नको, म्हणून मी जीवशास्त्र घेतोय." गणित सोडण्याला माझी हरकत नाही. पण जीवशास्त्रात आकडेमोड नसते, तेथे आकृत्या काढायच्या, नावे द्यायची आणि व्याख्या पाठ करायच्या, ही जी समजूत त्यामागे आहे, ती मला अगदी अमान्य आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो. दुसऱ्याच्या अंगणात डोकावतो आहे, याची मला जाणीव आहे.

एक साधा प्रश्न घ्या. माणसाच्या शरीरात पेशी किती? "असंख्य" असे उत्तर तुम्ही द्याल. असंख्य म्हणजे ज्यांची संख्या सांगता येत नाही अशा. खरेच सांगता येणार नाही का?

समजा, एक पेशी म्हणजे १० मायक्रॉन बाजूचा घन. १० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेव्हा एका घनमिलिमीटरमध्ये १०० × १०० × १००, म्हणजे १० लाख पेशी बसतील. एका लिटरमध्ये १० लाख घनमिलिमीटर असतात. म्हणजे लिटरमागे १ लाख कोटी पेशी झाल्या. ७० किलो वजनाच्या माणसाचे घनफळ साधारण ७० लिटर धरा. उत्तर आले ७० लाख कोटी.

आता दुसऱ्या वाटेने जाऊ. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते, म्हणजे ५० लाख घनमिलिमीटर. एका घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी असतात सुमारे ५० लाख. पन्नास लाख गुणिले पन्नास लाख! तोंडी करा. २५ लाख कोटी. या झाल्या फक्त तांबड्या पेशी.

२०१६ साली रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या शास्त्रज्ञांनी हाच हिशेब एकेका अवयवाची माहिती घेऊन बारकाईने मांडला. त्यांचे उत्तर आले सुमारे ३० लाख कोटी, आणि त्यांतील जवळजवळ पाच षष्ठांश पेशी तांबड्या रक्तपेशी! मग आपला ७० चा आकडा एवढा वर का गेला? कारण सगळ्या पेशी सारख्या नसतात. चरबीची पेशी १०० मायक्रॉन रुंद असू शकते. रुंदी दहापट, म्हणजे घनफळ हजारपट. स्नायूची एकच पेशी काही सेंटिमीटर लांब असू शकते. वजनाने पाहाल तर शरीराचा मोठा वाटा स्नायू आणि चरबी यांचा. संख्येने पाहाल तर त्या पेशी मूठभर. शिवाय सगळे ७० लिटर काही पेशींनी भरलेले नसतात. पेशींच्या बाहेरही बरेच पाणी असते, हाडांत क्षार असतात.

आता तुमची जीवशास्त्राची वही उघडा. प्राणिपेशीची आकृती असेल. मध्यभागी केंद्रक, भोवती तंतुकणिका. खाली एखादी ओळ असेल : अपवाद, माणसाच्या तांबड्या रक्तपेशी. अस्थिमज्जेत तयार होताना ही पेशी आपले केंद्रक टाकून देते, तंतुकणिकाही टाकते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन ठासून भरते. म्हणजे तुमच्या शरीरातील दर सहा पेशींपैकी पाचांना केंद्रकच नाही! हा अपवाद म्हणायचा की नियम? आकृती पन्नास वेळा गिरवून हा प्रश्न पडत नाही. एका गुणाकाराने पडतो.

हिशेब न केल्याने काय होते, तेही पाहा. "आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात" हे वाक्य कित्येक वर्षे पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरत होते. त्याचा माग काढला तर तो १९७२ सालच्या एका ढोबळ अंदाजापाशी पोचतो. मोठ्या आतड्यातील एका ग्रॅममध्ये जीवाणूंची जेवढी दाटी असते, तेवढीच सगळ्या अन्नमार्गात धरून तो आकडा काढलेला होता. दाटी असते ती मुख्यतः मोठ्या आतड्यात. जठरात आणि लहान आतड्यात जीवाणू फारच थोडे. २०१६ च्या हिशेबात जीवाणू आले सुमारे ३८ लाख कोटी. दहापट कुठली, जवळजवळ बरोबरीच! ज्याने पहिला अंदाज केला त्याला मी दोष देणार नाही. त्याने निदान गुणाकार तरी केला. पुढच्यांनी नुसता उतरवून घेतला.

आणखी एक भागाकार करू. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. २५ लाख कोटींना १२० दिवसांच्या सेकंदांनी भागा; दर सेकंदाला सुमारे २४ लाख पेशी मरतात आणि तितक्याच नव्या घडाव्या लागतात. जुन्या पेशींतले लोह शरीर बहुतेक सगळे परत वापरते; रोज पडणारी तूट अन्नातून भरावी लागते. मुलींच्या शरीरातून मासिक पाळीत ते अधिक जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी खिडकीतून फेकणाऱ्या मुला-मुलींनी हा भागाकार एकदा वहीत करावा, असे मला फार वाटते.

शिक्षकांना एक विनंती. "पेशीची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या" हा प्रश्न राहू द्या, पण त्या आकृतीशेजारी मापाची रेघ काढायला सांगा आणि तिला गुण द्या. १० मायक्रॉन किती लांब, हे वहीवर दिसले पाहिजे.

आणि तुम्हांला एक काम. घरात कुणाची रक्ततपासणी झाली असेल, तर तो कागद शोधा. त्यावर तांबड्या पेशींची संख्या लिहिलेली असते. त्या व्यक्तीच्या वजनात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त धरा आणि पुढचा गुणाकार तुम्ही करा.