स्पेलिंग वेगळं, माणूस तोच

शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद' इंग्रजीत 'ओ'नं लिहिलेला, आधारवर 'यू'नं आणि पॅनकार्डावर नुसता 'एमओएचडी'. असे तीन कागद घेऊन माणूस खिडकीशी उभा राहतो आणि पलीकडून प्रश्न येतो, "नक्की नाव काय तुमचं?" त्या सुरात संशय असतो. तो संशय अनाठायी आहे, हे मला खिडकीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्यांना सांगायचं आहे.

अरबीत हे नाव चारच अक्षरांत लिहितात: मीम, हे, मीम, दाल. रोजच्या लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत, वाचणारा ते मनानं भरतो. मधल्या 'म'चं द्वित्वही बहुतेक वेळा दाखवत नाहीत. त्यामुळे पहिल्या 'एम'नंतर यू की ओ, मधे एक 'एम' की दोन, 'डी'च्या आधी ए की ई, हे इंग्रजीत लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. यातलं कुठलंच चूक नाही. आपल्याकडे एक लक्ष्मी 'एक्स' घालून लिहिते, दुसरी 'केएसएच' घालून. तिला कोणी खोटी म्हणत नाही.

व्यंजनांचा पेच तर आणखी मोठा. घशातून खोल उच्चारायच्या 'क'साठी इंग्रजीत अक्षरच नाही. कोणी 'क्यू' लिहितो, कोणी 'के'. लिबियात बोलताना तर त्याचा 'ग' होतो. म्हणून लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांच्या आडनावाची डझनांनी स्पेलिंगं झाली. त्यात मधल्या व्यंजनाचाही घोळ. 1986मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शाळकरी मुलांना पाठवलेल्या उत्तरात त्यांच्या सहीखाली आडनावात 'डीएच' होतं. 2011मध्ये त्यांच्या मुलाचा पासपोर्ट सापडला, त्यात 'टीएच'. बाप-लेकांच्या घरातच एकमत नाही!

प्रांताप्रांताचा उच्चारही नावाला वळण देतो. कैरोच्या बोलीत 'ज'चा 'ग' होतो, म्हणून इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष जमालचे गमाल अब्देल नासर झाले. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात फ्रेंच वळण रुजलं, त्यामुळे तिथला रशीद 'श'साठी 'सीएच' लिहितो. आपल्याकडे ही नावं बरीचशी फारसीच्या वाटेनं आली. अरबांचा रमदान इथे रमजान झाला, रिदा रझा झाला.

म्हणून कारकून-शिक्षकांना विनंती: स्पेलिंगवर अडून बसू नका. जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो, पत्ता जुळवून पाहा. आणि कृपा करून 'बरोबर स्पेलिंग' म्हणून स्वतःच्या मनानं अक्षर बदलू नका. पहिलीच्या रजिस्टरात घातलेला एक जादा 'ए' त्या मुलाला पासपोर्टच्या रांगेपर्यंत छळतो. समोरच्या कागदावरून अक्षरन् अक्षर उतरवा. शंका आली तर पालकांना विचारा.

पालकांनो, बाळाच्या जन्मदाखल्याच्या वेळीच एक स्पेलिंग ठरवा आणि घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा. 'एमओएचडी'सारखं संक्षिप्त रूप टाळा, नाव पूर्ण लिहा. रत्नागिरी-रायगडातून आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी तर पदवी, निकाहनामा आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून व्हिसाच्या अर्जाआधीच तपासावेत. फरक आढळला तर घाबरू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. नाव कायमचं एकसारखं करायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात बदल प्रसिद्ध करून त्याची प्रत जपून ठेवा.