हुकूम लष्कराचा, वसुली राज्याची

अमेरिकेत प्राप्तिकर केंद्राचा वेगळा आणि बहुतेक राज्यांचा वेगळा. आपल्याकडे साताऱ्याचा जवान जैसलमेरला असो की तवांगला, त्याच्या पगारावर प्राप्तिकर फक्त केंद्र आकारते. अमेरिकी सैनिकाला मात्र प्रत्येक बदलीबरोबर नव्या राज्याच्या करखात्याशी गाठ पडण्याची धास्ती असे. त्यावरचा तोडगा दुसऱ्या महायुद्धातला. हुकमाने परराज्यात गेलेल्या सैनिकाचा अधिवास बदलत नाही आणि त्याच्या लष्करी पगारावर नेमणुकीच्या राज्याने कर लावायचा नाही, असे १९४२ साली कायद्याने ठरले. टेक्सास किंवा फ्लोरिडाचा अधिवास असलेल्यांची त्यात चांदीच झाली, कारण तिथे पगारावर राज्याचा कर नाही.

मात्र सैनिकाच्या मागोमाग बिऱ्हाड हलवणाऱ्या जोडीदाराला हे संरक्षण मिळायला २००९ साल उजाडले. २०१८ मध्ये आणखी सवलत आली. जानेवारी २०२३ मध्ये तर सैनिकाचा अधिवास, जोडीदाराचा अधिवास किंवा सैनिकाच्या कायम नेमणुकीचे ठिकाण, यांपैकी काहीही करापुरते निवडण्याची मुभा दोघांनाही मिळाली. ही तरतूद माजी सैनिकांच्या मोटारी आणि शिक्षणाविषयीच्या कायद्यात घुसवलेली होती, ही संसदीय कामकाजाची खास अमेरिकी तऱ्हा!

एवढे होऊनही घर दोन ठिकाणी विभागलेले कुटुंब कात्रीत सापडतेच. अधिवास निवडता येतो, पण जोडीदाराच्या कमाईबद्दलचे उपकलम जुनेच राहिले आहे. जोडीदार ‘केवळ सैनिकासोबत राहण्यासाठी’ त्या राज्यात असेल, तरच त्याच्या तिथल्या पगाराला ते संरक्षण देते.

समजा, टेक्सासचा एक सैनिक उत्तर कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅगला आहे आणि पत्नी तिथल्या इस्पितळात परिचारिका आहे. नोकरीला लागताना ती ‘एनसी-४ ईझेड’ हा अर्ज भरते. माझा नवरा लष्करी हुकमाने या राज्यात आहे आणि मी केवळ त्याच्यासोबत राहण्यासाठी इथे आहे, असे ती त्यात लिहून देते. तिच्या पगारातून राज्याचा कर कापला जात नाही. पुढे नवऱ्याची दक्षिण कोरियाला वर्षभरासाठी बदली होते, तीही कुटुंब सोबत नेता न येणारी. मुलांची शाळा अर्ध्यावर, घराचा भाडेकरार चालू. ती तिथेच राहते. आता तिने त्या अर्जावर पुन्हा कोणत्या तोंडाने सही करायची? कायद्याच्या शब्दावर बोट ठेवले तर तिचा पगार करपात्र ठरू शकतो. २०२५ चा तिथला दर ४.२५ टक्के. नवऱ्याच्या पगारावर मात्र राज्याला एक डॉलरही घेता येत नाही. म्हणजे कुटुंबाची ताटातूट करणारा हुकूम लष्कराचा आणि त्याचा भुर्दंड पत्नीला.

राज्यांचे म्हणणे अगदीच गैरलागू नाही. शाळा, रस्ते, पोलीस यांचा खर्च त्यांच्या तिजोरीतून होतो आणि कर वाचवण्यासाठी टेक्सासचा पत्ता मिरवणारेही आहेत. सैनिकाने सुटीच्या दिवशी केलेली खासगी नोकरी किंवा तिथल्या घरभाड्याचे उत्पन्न यांवर नेमणुकीचे राज्य कर घेतेच, आणि ते योग्यच आहे. नोकरीच्या चांगल्या संधीसाठी जोडीदाराने आपणहून वेगळ्या राज्यात घर केले असेल, तर तिथला कर त्याने भरावा. त्याबद्दल आम्हाला सहानुभूती नाही.

परंतु हुकमामुळे आलेला दुरावा आणि मर्जीने पत्करलेला दुरावा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. कोणती बदली कुटुंबाविना आहे, हे लष्कराच्या आदेशातच नमूद असते. त्यामुळे पुराव्याचा प्रश्न नाही. अमेरिकी काँग्रेसने हे उपकलम दुरुस्त करावे आणि कुटुंबाविना बदली झालेल्या सैनिकाचा जोडीदार मागे राहिला, तर तो सैनिकासोबतच आहे असे धरावे. तोवर राज्यांच्या करखात्यांनी निदान आपल्या सूचनांत या कुटुंबांचे काय होणार, ते स्पष्ट लिहावे.